फायली हलवणाऱ्या एजंटसाठी सूचना-फाइल: कामाच्या नोंदी

काम असं: जुन्या डिस्कवर रेकॉर्डिंगचा संग्रह पडून आहे, साधारण १.४ टीबी, ४१ हजारांच्या आसपास फायली. तो क्लाउडच्या बकेटमध्ये, म्हणजे तिथल्या साठवणीच्या कप्प्यात, चढवायचा. त्यासाठी आरक्लोन (क्लाउडवर फायली नेण्याचं टर्मिनलवरचं साधन) वापरायचं हे आधीच ठरलं होतं. फरक एवढाच की या वेळी कमांड मी मारणार नाही, एआय एजंट मारणार. मी फक्त त्याच्यासाठी सूचना-फाइल लिहायची. दोन दिवस धरले होते, दोन आठवडे गेले. असंच काही करायला बसला असाल तर यातले निम्मे दिवस तरी तुमचे वाचावेत म्हणून या नोंदी जशाच्या तशा ठेवतोय.

(कमांड आणि फ्लॅग, म्हणजे कमांडला जोडायचे पर्याय, इथे देवनागरीत लिहिलेत. टर्मिनलवर अर्थातच रोमन.)

सोमवार, ३ तारीख

सुरुवात आळसाने केली. आरक्लोनची मूळ कागदपत्रं चांगली आहेत, पण अफाट आहेत. सत्तरहून जास्त स्टोरेज सेवा, जवळजवळ प्रत्येकीचं वेगळं पान, वर फ्लॅगची न संपणारी यादी. त्यातली मला लागतील अशी वाटली ती पानं उचलली, एका फाइलीत चिकटवली आणि एजंटच्या पुढ्यात ठेवली. म्हटलं, वाचेल आणि करेल.

चाचणीसाठी दोन साधे फोल्डर केले. 'ब' मध्ये आधीपासून १२ फायली होत्या. एजंटला सांगितलं, "अ मधलं सगळं ब मध्ये सिंक कर." त्याने केलं. ब मधल्या १२ फायली गेल्या.

चिडून लॉग वाचला तेव्हा कळलं की चूक त्याची नाहीच. आपण दिवसभर 'सिंक कर' म्हणतो तेव्हा मनात असतं 'दोन्हीकडचं एकमेकांना मिळू दे'. आरक्लोनचा सिंक एकतर्फी असतो: गंतव्य स्रोतासारखं करायचं, आणि स्रोतात नाही ते गंतव्यातून काढून टाकायचं. कागदपत्रांत हे स्वच्छ लिहिलंय, मीच ते पान चिकटवलं होतं. माणूस ते वाचून एकदा थबकतो, "म्हणजे माझ्या त्या बारा फायली?" असं स्वतःला विचारतो. एजंटने कागदपत्रातला शब्द आणि माझा शब्द जुळवले आणि पुढे गेला.

म्हणून सूचना-फाइलीतला पहिला तुकडा फ्लॅगचा झाला नाही, आमच्या बोलण्याचा झाला. 'पाठव', 'टाक', 'चढव', 'बॅकअप घे' म्हटलं की कॉपी. 'हलव', 'शिफ्ट कर', 'मूव्ह कर', आणि हो, 'सिंक कर' म्हटलं तरी कॉपीच, मग थांबून विचारायचं की जुनं ठेवायचं का काढायचं. 'हुबेहूब आरसा हवा' असं कुणी शब्दांत म्हटलं तरच सिंक, तोही परवानगीनंतर. हा तुकडा लिहायला वीस मिनिटं लागली आणि अख्ख्या फाइलीत सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला.

आजची आणखी एक ठेच. एजंटच्या अंगात आरसिंकच्या, म्हणजे फायली नेणाऱ्या दुसऱ्या एका साधनाच्या, सवयी मुरलेल्या आहेत. आरसिंकमध्ये स्रोताच्या शेवटी तिरकी रेघ दिली तर फोल्डरच्या आतलं जातं, नाही दिली तर फोल्डरसकट जातं. आरक्लोनला त्या रेघेचं काही नाही, तो कायम आतलंच नेतो. रेघ न देता एजंट फोल्डरसकट जाईल असं धरून चालला आणि सगळा माल बकेटच्या मुळाशी सांडला. एक वाक्य वाढवलं: 'फोल्डरचं नाव हवं असेल तर ते गंतव्याच्या वाटेत स्वतः लिहायचं.'

मंगळवार, ४ तारीख

खऱ्या डेटावर प्रयोग करायचे नाहीत हे काल ठरलं, म्हणून आज सापळ्यांनी भरलेला नमुना फोल्डर तयार केला. चाळीस फायली. नावात रिकाम्या जागा, शून्य बाइटची फाइल, रिकामा फोल्डर, लहान-मोठ्या लिपीचाच फरक असलेली दोन रोमन नावं, आणि मराठी नावं.

मराठी नावांनी अख्खी दुपार खाल्ली. 'कोऱ्या टेपा' नावाची फाइल दोन्हीकडे होती, गंतव्यातली दुसऱ्या संगणकावरून आलेली. आरक्लोनचा चेक (दोन्ही बाजू ताडणारी कमांड) म्हणाला, जुळतंय. एजंटला तेवढ्याने समाधान नव्हतं, त्याने दोन्हीकडची यादी काढून ओळीला ओळ लावली आणि कळवलं, 'एक फाइल गहाळ, एक जास्तीची.' दोन्ही नावं पडद्यावर डोळे फोडून पाहिली. सारखीच.

घोळ 'ऱ' मध्ये निघाला. हे अक्षर युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत) एकसंध आहे, पण साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता असंही लिहिता येतं. डोळ्याला एक, बाइट वेगळे. आरक्लोन तुलना करताना नावं एका रूपात आणतो, त्यामुळे त्याला ती एकच फाइल दिसते. एजंटची ओळीला ओळ लावणारी तुलना बाइट बघते. याच्यावर कडी म्हणजे काही कीबोर्ड हाच आकार 'र', हलन्त आणि अदृश्य जोडक घालून काढतात. ते रूप मात्र युनिकोडच्या हिशेबात समतुल्य नाही, तिथे आरक्लोनलाही दोन वेगळ्या फायली दिसतात. म्हणजे 'वऱ्हाड' आणि 'दऱ्या' लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा सापळा नमुन्यात ठेवायलाच हवा. इंग्रजी नावांवर चाचणी घेऊन हे कधीच सापडलं नसतं.

नियम: 'फायली जुळल्या की नाही हे फक्त चेकने ठरवायचं. याद्या स्वतः ताडायच्या नाहीत. चेक दोन फायली वेगळ्या म्हणत असेल आणि नावं दिसायला सारखी असतील तर नाव बदलू नकोस, कळव.'

बुधवार, ५ तारीख

आजचा विषय ड्राय-रन, म्हणजे काहीही न बदलता काय होईल ते दाखवणारी रंगीत तालीम. नियम सोपा वाटला: आधी ड्राय-रन, मग खरी फेरी. एजंटने ड्राय-रन केला आणि म्हणाला, 'काहीच बदल होणार नाहीत.' चाळीस फायली चढायच्या बाकी असताना!

आरक्लोन हे सगळं लॉगमध्ये लिहितो आणि लॉग जातो स्टँडर्ड एररला, म्हणजे कमांडच्या सूचना-चुकांच्या प्रवाहात. एजंटने फक्त स्टँडर्ड आउटपुट, म्हणजे निकालाचा प्रवाह, पकडलं होतं. ते रिकामं. रिकामं म्हणजे काही करायचं नाही, असा त्याचा हिशेब. दोन्ही प्रवाह एकत्र पकडायला सांगितलं.

पुन्हा फेरी. आता अहवाल आला: '४० फायली वगळल्या.' परत डोकं धरलं. ड्राय-रनची प्रत्येक ओळ 'स्किप्ड कॉपी ॲज ड्राय-रन इज सेट' अशी असते. म्हणजे 'खरं असतं तर कॉपी केली असती'. माणसाला संदर्भाने कळतं. एजंटने 'स्किप्ड' उचललं आणि बाकीची ओळ सोडली. आता फाइलीत लिहिलंय: 'ड्राय-रनमध्ये स्किप्ड कॉपी म्हणजे ही फाइल चढणार आहे. स्किप्ड डिलीट म्हणजे ही फाइल उडणार आहे. दोन्हींचे आकडे वेगवेगळे सांग. डिलीट शून्यापेक्षा जास्त असेल तर तिथेच थांब.'

गुरुवार, ६ तारीख

आजचा खर्च टोकनमध्ये (एजंट वाचतो-लिहितो त्या मजकुराच्या तुकड्यांत) मोजला आणि हात पोळले. मला स्वतःला प्रगती बघायची सवय, म्हणून उदाहरणातल्या कमांडला प्रोग्रेस फ्लॅग लावला होता. तो अर्ध्या-अर्ध्या सेकंदाला पडद्यावरचे आकडे ताजे करतो. टर्मिनलवर ते जागच्या जागी बदलतात, एजंटकडे मात्र प्रत्येक वेळचा पूर्ण ठोकळा एकाखाली एक साठत जातो. दहा मिनिटांच्या फेरीचे बाराशे ठोकळे. संदर्भाची जागा, म्हणजे एजंट एका वेळी ध्यानात ठेवू शकतो तेवढा मजकूर, भरली, आणि एजंट सुरुवातीच्या सूचनाच विसरला. डिलीटवर थांबायचं, हेसुद्धा त्यातच गेलं.

प्रोग्रेस काढून टाकला. लॉग फाइलीत, जेसन स्वरूपात (प्रोग्रामला वाचायला सोपं जावं म्हणून), आकडेवारी मिनिटातून एकदा आणि एका ओळीत. एजंटने लॉगचं फक्त शेपूट वाचायचं.

दुसरा खड्डा जास्त खोल होता. एजंटला कमांड चालवायला जी चौकट मिळते तिला वेळेची मर्यादा असते. मोठी फेरी त्या मर्यादेवर आपटली, एजंटला वाटलं कमांड मेली, त्याने ती परत सुरू केली. पहिली मेलेली नव्हती. आता दोन आरक्लोन एकाच गंतव्यावर काम करतायत. त्यात नमुन्याचं गंतव्य माझ्याच डिस्कवरचं होतं, आणि तिथे आरक्लोन अर्धवट फाइल '.पार्शल' अशा शेपटीने ठेवतो, पूर्ण झाली की नाव बदलतो. दुसऱ्या फेरीआधी एजंटला या फायली दिसल्या. 'मागच्या अयशस्वी फेरीतला कचरा साफ करतो,' असं म्हणून त्याने त्या उडवल्या. चालू असलेल्या पहिल्या प्रक्रियेच्या पायाखालून.

कॉपी पुन्हा चालवणं आरक्लोनमध्ये निर्धोक आहे, झालेल्या फायली तो ओलांडून जातो, त्यामुळे नुकसान वेळेचंच झालं. पण नियम तीन वाढले. फेरी पार्श्वभूमीत सुरू करायची आणि प्रक्रियेचा क्रमांक लिहून ठेवायचा. पुन्हा सुरू करण्याआधी तो क्रमांक जिवंत आहे का ते बघायचं. आणि साफसफाई या कामाचा भाग नाही, कुणी सांगितल्याशिवाय काहीही झाडायचं नाही. या शेवटच्या वाक्याची गरज पडेल असं मला वाटलं नव्हतं. एजंटला घर आवरायची हौस फार.

शनिवार, ८ तारीख

काल सुट्टी घेतली, आज एक्झिट कोड, म्हणजे कमांड संपताना देते तो निकालाचा आकडा; शून्य म्हणजे यश. आरक्लोन शून्याशिवाय बरेच कोड देतो आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा: ३ म्हणजे फोल्डर सापडला नाही, ५ म्हणजे तात्पुरती अडचण, परत केल्यास जमेल, ७ म्हणजे आता थांबाच. मी नुसते अर्थ न लिहिता प्रत्येकापुढे कृती लिहिली.

पहिल्या चाचणीत एजंटला प्रत्येक वेळी शून्यच मिळत होतं, मुद्दाम बिघडवलेल्या फेरीतही. लॉग आखूड दिसावा म्हणून त्याने कमांडच्या मागे पाइप लावून, म्हणजे तिचं आउटपुट पुढच्या कमांडला देऊन, फक्त शेवटच्या ओळी दाखवणारं 'टेल' जोडलं होतं. पाइपमध्ये शेवटच्या कमांडचा कोड मिळतो. टेल बिचारं यशस्वीच होत होतं. नियम: 'आरक्लोनला पाइप लावायचा नाही. लॉग फाइलीत, कोड लगेच वेगळा छापायचा.'

आणि मग दुपारी तो प्रसंग घडला ज्यामुळे मी पुढचा तासभर नुसता बसून होतो.

चाचणी आरशाची होती, म्हणून सिंकला परवानगी मी आधीच दिलेली. स्रोताचं नाव मुद्दाम चुकीचं दिलं: फोल्डरच्या नावात आडवी रेघ, मी लिहिली खालची रेघ. अपेक्षा अशी की कोड ३ येईल आणि एजंट थांबून विचारेल. कोड ३ आला. पण माझ्याच फाइलीत वर कुठेतरी एक गोड वाक्य होतं, 'एरर आल्यास कारण शोधून दुरुस्त करावी.' एजंटने कारण शोधलं: फोल्डर अस्तित्वात नाही. दुरुस्ती केली: फोल्डर तयार केला. रिकामा. ड्राय-रनची पायरी मागच्या, फसलेल्या फेरीत 'झाली' म्हणून त्याने टिचकी मारलेली होतीच. मग खरी फेरी. रिकाम्या स्रोतावरून सिंक. गंतव्यातल्या चाळीसच्या चाळीस फायली पुसल्या गेल्या, एक्झिट कोड शून्य, आणि अहवाल: 'सिंक यशस्वी. दोन्ही बाजू आता सारख्या आहेत.'

खरंच सारख्या होत्या.

स्रोत वाचताना चूक झाली तर आरक्लोन स्वतःहून डिलीट टाळतो. पण रिकामा फोल्डर ही चूक नाही, तो व्यवस्थित वाचता येतो. एजंटने चूक मिटवताना ते संरक्षणही मिटवलं. नमुना होता म्हणून निभावलं. चाळीसच्या जागी एक्केचाळीस हजार असत्या तरी अहवाल हाच आला असता.

ते गोड वाक्य काढलं. त्याजागी: 'स्रोताकडे काहीही तयार करायचं नाही, बदलायचं नाही, काढायचं नाही. कोड ३ आला की वाट जशी दिली होती तशी दाखव आणि विचार. काहीही दुरुस्त केलंस तर आधीचा ड्राय-रन रद्द, पहिल्यापासून सुरुवात.' शिवाय प्रत्येक सिंकला मॅक्स-डिलीटची मर्यादा आणि उडणाऱ्या फायली जाऊन पडतील असा बॅकअप-डिर. बॅकअप-डिर त्याच रिमोटवर (आरक्लोनमध्ये नोंदवलेल्या साठवणीवर) हवा आणि गंतव्याच्या पोटात नको. एजंट तो हमखास पोटातच ठेवतो, तेव्हा पूर्ण वाटच लिहून दिली.

सोमवार, १० तारीख

आजची चूक निव्वळ माझी. 'कोणकोणते रिमोट आहेत ते आधी बघ' असं लिहिलं होतं, कसं बघायचं ते लिहिलं नव्हतं. एजंटने कॉन्फिग शो चालवलं. रिमोटची नावं आली, सोबत टोकनही (खात्यात शिरण्याची गुप्त किल्ली) आलं, आणि सगळं संभाषणाच्या नोंदीत जाऊन बसलं. टोकन रद्द करणं, नवं घेणं, ते जिथे जिथे वापरलं होतं तिथे बदलणं: पाऊण दिवस. आता फाइलीत लिस्ट-रिमोट्स ही एकच कमांड दिली आहे, ती फक्त नावं देते.

याच निमित्ताने बकेटची नवी किल्ली घेतली ती डिलीटचा हक्क नसलेली. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. सूचनेत कितीही ठासून लिहिलं तरी एजंट ती वाचेलच याची खात्री नाही. हक्क नसला की मात्र प्रश्नच मिटतो.

मंगळवार, ११ तारीख

आरक्लोनचं मूव्ह फाइलीतून पूर्ण काढलं. ते फाइल चढली की लगेच स्रोतातली काढतं, मध्ये आपल्याला वेगळा चेक चालवायला जागाच नाही. त्याऐवजी कॉपी, मग चेक, मग माणसाची सही, आणि स्रोत रिकामा करणं हे माणसाचंच काम.

चेकचा अहवाल वाचण्यात दोन घोळ. चेक हवी असल्यास एक यादी देतो, प्रत्येक नावाआधी एक खूण. बरोबरची खूण (=) म्हणजे जुळलं, चांदणी म्हणजे वेगळं. आता अधिक आणि उणे. तुम्ही काय समजाल? एजंट समजला, मीही तेच समजत होतो, की उणे म्हणजे गंतव्यात नाही. उलट आहे: उणे म्हणजे स्रोतात नाही, अधिक म्हणजे गंतव्यात नाही. सगळ्या खुणांचा अर्थ फाइलीत शब्दांत लिहिला.

दुसरा घोळ सूक्ष्म. चेकने कळवलं शून्य फरक, एजंटने कळवलं सगळं जुळलं. त्याच लॉगमध्ये जरा खाली ओळ होती की ३८ फायलींचे हॅश (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेला ठसा) तपासता आले नाहीत. दोन्ही बाजूंना सामाईक हॅश नसेल तर चेक फक्त आकार बघतो. आकार सारखा असलेली बिघडलेली फाइल त्यातून सुटते. आता अहवालात तीन आकडे सक्तीचे: फरक किती, हॅशने तपासलेल्या किती, फक्त आकाराने तपासलेल्या किती. तिसरा शून्य नसेल तर 'जुळलं' हा शब्द वापरायला बंदी. अशा फायली डाउनलोड फ्लॅगने, म्हणजे प्रत्यक्ष उतरवून, ताडायच्या. वेळ लागतो, लागू दे.

गुरुवार, १३ तारीख

फाइल फुगत फुगत नऊ पानांची झाली होती. त्यात प्रत्येक अपघातानंतर मी एकेक 'कधीही नाही', 'कोणत्याही परिस्थितीत नाही' घालत गेलेलो. परिणाम असा की काल नव्या सत्रातला एजंट फोल्डरमध्ये काय आहे ते बघायलाही परवानगी मागत होता. सहा वेळा 'हो' म्हणून झाल्यावर सातव्यांदा मी न वाचताच 'हो' म्हटलं. म्हणजे सगळा पहारा वायाच.

कापाकापी केली. नुसतं वाचणाऱ्या कमांड एका ओळीत: या विचारायच्या नाहीत, बिनधास्त चालव. थांबण्याच्या जागा फक्त चार ठेवल्या: ड्राय-रनमध्ये डिलीट दिसलं, कोड शून्य नाही, चेकमध्ये फरक, स्रोत रिकामा किंवा अपेक्षेपेक्षा फार लहान. बाकीचे नकार होते तिथे 'हे करू नको'च्या जागी 'त्याऐवजी हे कर' असं लिहिलं. कोणता फ्लॅग कशासाठी ही सगळी माहिती काढून टाकली. बसवलेल्या आवृत्तीची मदत एजंट स्वतः वाचू शकतो, आणि तीच वाचलेली बरी, कारण आठवणीतून तो या आवृत्तीत नसलेले फ्लॅगही सुचवतो.

दीड पान उरलं. प्रत्येक चाचणीला कोरं सत्र, आधीचं काही आठवत नसलेलं. सापळ्यांच्या दहा प्रसंगांपैकी नऊ ठिकाणी योग्य जागी थांबला. दहावा तो अदृश्य जोडकाचा 'ऱ'. तिथे त्याने फाइलीचं नाव 'सुधारून' टाकलं. त्या नियमाला मी दीड पानात जागा दिली नव्हती. परत घातला.

एमसीपी (एजंटला बाहेरची साधनं जोडण्याची पद्धत) सर्व्हर करून हे टूल म्हणून द्यावं का, असा विचार आला. त्यात टूलवर 'हे विनाशक असू शकतं' अशी खूण लावायची सोय आहे, पण ती सूचनाच, अडवत काही नाही. एका कामासाठी एवढा घाट नको म्हणून सोडून दिलं.

शुक्रवार, १४ तारीख

खरी फेरी. सकाळी ड्राय-रन, डिलीट शून्य, परवानगी दिली, पार्श्वभूमीत कॉपी सुरू. मी बाजूला बसून या नोंदी नीट करत होतो.

दुपारी एजंट थांबला. लॉगमध्ये एरर. एक सोडून बाकी फायली व्यवस्थित जातायत, पण एक फाइल चढली नाही, कॉपी चालू असताना तिचा आकार बदलतोय असं आरक्लोन म्हणतोय. 'स्रोतात कुणीतरी लिहीत आहे असं दिसतं. मी स्रोताला हात लावलेला नाही. ती फाइल वगळून पुढे जाऊ का, की थांबू?'

खऱ्या कामात पहिल्यांदाच तो अगदी हवं तिथे थांबला होता. कुठली फाइल म्हणून बघितलं. डिस्कच्या मुळाशी ठेवलेली 'प्रकल्प नोंदी'. हीच.

फाइल दुसरीकडे नेली, डिस्क फक्त-वाचा पद्धतीने जोडली, ड्राय-रनपासून परत सुरुवात केली. आता ३१ टक्के झालंय, चेक सोमवारी.